स्वतःचे कुलचिन्ह घडवताना : ढालीवर काय ठेवावे आणि काय वगळावे

मूळचे पुण्याचे, आजोळ वाईचे आणि आता कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात स्थायिक होऊन तिथले नागरिक झालेले एक संगणक अभियंता विचारतात, की त्यांना स्वतःचे कोट ऑफ आर्म्स, म्हणजे वैयक्तिक कुलचिन्ह, करून घ्यायचे आहे. गणपती, सिंहगड, छत्रपतींची राजमुद्रा, भगवा ध्वज, मेपलचे पान, लॅपटॉप आणि दोन मुलींसाठी दोन तारे अशी यादी त्यांनी तयार ठेवली आहे. घराण्याचे देवक कळंब असल्याचेही त्यांनी ओघात लिहिले आहे. कोणत्या रंगाचा काय अर्थ होतो, आणि आडनाव टाकल्यावर विकत मिळणारे चिन्ह आपले मानावे का, असे त्यांचे दोन थेट प्रश्न आहेत. ही चिन्हे रेखाटणे आणि त्यांचे वर्णन लिहिणे हे माझे काम असल्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

आडनावाचा प्रश्न आधी घेतो, कारण लोकांचे पैसे सर्वांत जास्त तिथेच वाया जातात. इंग्लंड, स्कॉटलंड आणि कॅनडा येथील परंपरेत कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला मिळते आणि तिच्या वंशजांकडे जाते. तेच आडनाव असलेल्या, पण त्या व्यक्तीचा वंशज नसलेल्या माणसाचा त्यावर कोणताही हक्क नसतो. पोलंडमध्ये अनेक घराणी मिळून एकच चिन्ह वापरत आली आहेत, पण तो अपवाद आहे आणि तिथेही ते आडनावावरून ठरत नाही. आपल्याकडे तर कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही नावे वतनांवरून आली. रत्नागिरीच्या आणि बीडच्या कुलकर्ण्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असेलच असे नाही. अशा सर्वांसाठी एकच ढाल छापून विकणे ही शुद्ध फसवणूक आहे, आणि ती आपण भिंतीवर लावू नये असे मला मनापासून वाटते.

या परंपरेचा पाया समजला की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. १२ व्या शतकात पश्चिम युरोपातले सरदार ढालींवर ठरावीक आकृत्या रंगवू लागले आणि त्या आकृत्या बापाकडून मुलाकडे जाऊ लागल्या. अंजूचा काउंट जेफ्री ११५१ साली वारला. त्याच्या स्मृतीसाठी घडवलेल्या, फ्रान्समधील ल मां येथे असलेल्या मीनाकारी पट्टिकेवर त्याच्या हाती निळी ढाल आणि तिच्यावर सोनेरी सिंह दिसतात. इंग्लंडमधील सॉल्झबरीच्या कॅथेड्रलमध्ये त्याच्या नातवाची, विल्यम लाँगस्पीची, समाधी आहे. तिच्यावरच्या ढालीवरही तसेच सिंह आहेत. नुसत्या नक्षीचे कुलचिन्ह होते ते याच पायरीवर. आकृती दुसऱ्या पिढीकडे गेली पाहिजे आणि तिने त्याच माणसांची ओळख सांगितली पाहिजे. म्हणून आजच्या आपल्या आयुष्यापुरतीच खरी असणारी कोणतीही वस्तू ढालीवर ठेवताना दहादा विचार करावा लागतो.

ओळखीसाठीच हे सारे असल्यामुळे दोन माणसांची चिन्हे एकसारखी असणे हा मोठा दोष मानला जाई. १३८५ साली इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या स्कॉटलंड मोहिमेत रिचर्ड स्क्रोप आणि रॉबर्ट ग्रोव्हनर या दोन सरदारांच्या लक्षात आले, की दोघांच्याही ढालीवर निळ्या जमिनीवर, म्हणजे पार्श्वभूमीवर, सोनेरी तिरका पट्टा आहे. खटला कित्येक वर्षे चालला आणि शेकडो साक्षी झाल्या. कवी जेफ्री चॉसर हाही १३८६ साली साक्षीला उभा राहिला. अखेर १३९० साली निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला. ग्रोव्हनरने पट्टा सोडून निळ्या जमिनीवर गव्हाची सोनेरी पेंढी घेतली आणि त्याचे वंशज, म्हणजे आजचे वेस्टमिन्स्टरचे ड्यूक, आजही ती वापरतात. शेक्सपिअरच्या वडिलांना १५९६ साली मिळालेल्या चिन्हावरही असाच आक्षेप आला होता. त्यात सोनेरी जमिनीवर काळा तिरका पट्टा आणि पट्ट्यावर भाला आहे. हे तर जुन्या मॉली घराण्याचे चिन्ह, असे यॉर्क हेराल्ड राल्फ ब्रुक याचे म्हणणे होते. हेराल्ड म्हणजे कुलचिन्हांचे काम पाहणारा अधिकारी. त्यावर पट्ट्यावरच्या भाल्याने पुरेसा फरक पडतो, असे उत्तर देण्यात आले. तो भाला नावातूनच आलेला आहे हे वेगळे सांगायला नको. नावावर खेळ करणारी अशी चिन्हे हलकी समजली जात नाहीत. उलट ती या परंपरेतली सर्वांत जुनी आणि सर्वांत टिकाऊ चिन्हे आहेत.

आता मुख्य मुद्दा. कुलचिन्ह हे चित्र नसून वाक्य आहे. अधिकृत सनदेत चित्र असते, पण खरे वजन असते ते शब्दांतल्या वर्णनाला, ज्याला ब्लेझन म्हणतात. ‘निळ्या जमिनीवर सोनेरी तिरका पट्टा’ एवढ्या शब्दांवरून शंभर चित्रकार शंभर वेगळ्या ढाली काढतील आणि त्या सगळ्या अचूक असतील. बंदिश तीच राहते आणि प्रत्येक गवई ती आपल्या गळ्याने मांडतो, तसेच हे आहे. निळा किती गडद, पट्टा किती रुंद, सिंहाची आयाळ किती कुरळी, हे वर्णनात नसतेच. म्हणून माझ्याकडे कोणी यादी घेऊन आले, की मी आधी त्यांना चित्र बाजूला ठेवून एक वाक्य लिहायला सांगतो. ते वाक्य दूरध्वनीवरून ऐकून समोरच्याला ढाल डोळ्यांपुढे आणता आली, तर रचना जमली. वाक्यात ‘आणि’ चार वेळा आला, तर काहीतरी काढून टाकायचे आहे. आपल्या यादीत ‘आणि’ फार आहेत.

वर्णन लिहिताना बाजू नीट सांभाळाव्यात. ढालीची उजवी बाजू म्हणजे ती धरणाऱ्याची उजवी, म्हणजे पाहणाऱ्याच्या डाव्या हाताची. मानाची बाजू तीच.

रंगांचा नियम एकच आहे आणि तो पाळलाच पाहिजे. सोनेरी आणि रुपेरी हे दोन ‘धातू’. लाल, निळा, काळा, हिरवा आणि जांभळा हे ‘रंग’. धातूवर रंग ठेवावा आणि रंगावर धातू. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवू नये. सोनेरीच्या जागी पिवळा आणि रुपेरीच्या जागी पांढरा चालतो. यामागचे कारण पूर्णपणे व्यावहारिक आहे. लांबून, धुळीत, कमी उजेडात आकृती कळायची तर गडद आणि फिकट यांचा विरोध लागतो. जेरुसलेमच्या राज्याने रुपेरी जमिनीवर सोनेरी क्रूस ठेवून हा नियम मोडला आणि ते उदाहरण आठशे वर्षे सांगितले जात आहे, यावरूनच नियम किती घट्ट आहे हे कळते. एकरंगी छपाईतही अडचण येत नाही. १६३८ साली सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पाद्र्याने प्रचारात आणलेल्या पद्धतीत सोनेरीसाठी ठिपके, रुपेरीसाठी कोरी जागा, लालसाठी उभ्या रेषा, निळ्यासाठी आडव्या आणि हिरव्यासाठी तिरक्या रेषा काढतात. जुन्या चांदीच्या भांड्यांवर किंवा अंगठीच्या मोहरेवर या रेषा कोरलेल्या दिसल्या, तर त्यांत रंग वाचता येतात.

कोणत्या रंगाचा काय अर्थ, या आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की ठरावीक अर्थ नाही. लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, हिरवा म्हणजे आशा असे तक्ते सर्वत्र फिरतात, पण ते नंतरच्या लेखकांनी रचलेले आहेत. अधिकृत हेराल्ड चिन्ह वाचताना ते वापरत नाहीत. आयझॅक न्यूटन काळ्या ढालीवर एकमेकांना छेदणारी नडगीची दोन रुपेरी हाडे वापरत असे. तक्ता हाती घेऊन त्यांचा अर्थ लावायला बसलो, तर माणसाविषयी काहीच कळणार नाही. अर्थ धारण करणारा देतो आणि तो सनदेसोबत किंवा घरच्या कागदपत्रांत लिहून ठेवतो. या मोकळेपणामुळेच हे काम मला इतके प्रिय आहे. अर्थाचा बाजारभाव नसल्यामुळे प्रत्येकाला तो स्वतः शोधावा लागतो.

चांगला अर्थ कसा दिला जातो याची काही उदाहरणे पाहू. डेन्मार्कने १९४७ साली भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांना ऑर्डर ऑफ द एलिफंट हा मान दिला. त्या मानाबरोबर कुलचिन्ह असावे लागते. बोर यांनी ढालीच्या मध्यभागी चिनी यिन-यांगचे वर्तुळ घेतले आणि ‘परस्परविरोधी गोष्टी परस्परपूरक असतात’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद त्याला जोडले. त्यांच्या पूरकतेच्या सिद्धांताचे याहून नेमके चित्र काढता आले नसते. त्यांचे गुरू अर्नेस्ट रदरफर्ड १९३१ साली लॉर्ड झाले, तेव्हा त्यांच्या ढालीवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन वक्ररेषा आल्या. एक रेषा किरणोत्सारी द्रव्याचा क्षय दाखवते आणि दुसरी वाढ. ज्याला भौतिकशास्त्राचा गंध नाही त्यालाही तिथे वाकवलेल्या फुलीचा ठसठशीत आकार दिसतो. आकार आधी उभा राहिला पाहिजे, अर्थ त्याच्या मागून यावा. क्रम उलटा झाला की ढालीचा तक्ता होतो.

ब्रिटनचे राजपुत्र विल्यम यांच्या पत्नी केट मिडलटन यांच्या वडिलांना २०११ साली, केट यांच्या विवाहाच्या आधी, मिळालेले चिन्हही अभ्यासण्यासारखे आहे. अर्धी निळी, अर्धी लाल ढाल, मध्ये सोनेरी कोनपट्टा, म्हणजे घराच्या छपरासारखा वर टोक असलेला पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक पांढरे कोनपट्टे आणि ओकच्या फळांच्या तीन डहाळ्या. तीन डहाळ्या तीन अपत्यांसाठी, हे सर्वांना आठवते. पण ओक हे त्या कुटुंबाच्या राहत्या परिसरातले झाड आहे, पांढरे कोनपट्टे कुटुंबाच्या आवडीच्या डोंगरांकडे बोट दाखवतात आणि मधला सोनेरी पट्टा आईच्या ‘गोल्डस्मिथ’ या माहेरच्या नावावरून आला आहे. माहेरचे नाव असे अलगद विणून घेणे मला फार सुंदर वाटते. आपल्या पत्रात पत्नीच्या घराण्याचा उल्लेखच नाही, याकडेही मी आपले लक्ष वेधतो.

आपल्या मुंबईशी थेट नाते असलेले उदाहरणही आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांना १८५७ साली बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. त्यांच्या ढालीवर उगवता सूर्य आणि त्याच्याखाली मुंबईजवळचे घाट, म्हणजे आपला सह्याद्री, आहेत; वर, ढालीच्या माथ्याशी, दोन मधमाश्या आहेत. ढालीच्या वर, तुऱ्याच्या जागी, चोचीत गव्हाची ओंबी धरलेला मोर आहे आणि ब्रीद आहे ‘उद्योग आणि औदार्य’. मधमाशी उद्योगासाठी आणि ओंबी औदार्यासाठी हे नाते ब्रीद वाचताच उलगडते, आणि ज्यांनी रुग्णालय आणि कलाशाळा उभारण्यासाठी पैसा दिला त्यांना ते शोभतेही. मात्र कारागीर म्हणून सांगायचे, तर घाटांचे दृश्य ही त्या ढालीतली दुबळी जागा आहे. अंगठीएवढ्या आकारात डोंगररांग म्हणजे नुसती नागमोडी रेघ उरते. त्या काळाची ती सवयच होती. नाईलच्या लढाईनंतर ॲडमिरल नेल्सनच्या ढालीत जी भर घातली गेली, तिच्यात समुद्राच्या लाटा, ताडाचे झाड, मोडके जहाज आणि ढासळलेला तोफखाना असे पूर्ण निसर्गचित्र होते. कुलचिन्हांच्या कलेचा तो पडता काळ मानला जातो.

सिंहगडाबद्दल माझे मत यावरून आपल्या लक्षात आले असेल. सिंहगड ढालीवर काढता येत नाही. काढला तर तो कुठलाही डोंगर दिसेल आणि वर मनोरा काढला तर कुठलाही गड. पण या परंपरेत विभाजनरेषा बोलक्या असतात. सरळ रेषेऐवजी तटबंदीच्या दातेरी कडेसारखी रेषा घेतली, की गड आला, आणि तो एका शब्दात आला.

गणपती ढालीवर ठेवू नये असे मी आग्रहाने सांगेन. कुलचिन्ह पत्राच्या कागदावर, पाकिटावर, पेल्यावर, गाडीच्या काचेवर लागते. पाकीट फाडून टाकले जाते. पूज्य मूर्तीची अशी वाट लागू नये, ही श्रद्धेचीच बाजू आहे. दैवताऐवजी त्याला वाहिली जाणारी वस्तू घ्यावी. गणपतीसाठी दूर्वांची जुडी आहे. ती हिरवी, तीन पात्यांची आणि रेखाटायला सुबक असते. हत्ती सुचवला जातो, परंतु भारतात नोकरी केलेल्या इतक्या इंग्रजांनी हत्ती आणि वाघ घेऊन ठेवले आहेत, की त्यातून मराठी घराची ओळख पटणे कठीण आहे.

राजमुद्रेविषयी काही बोलण्याची गरज आहे, कारण ही मागणी माझ्याकडे वारंवार येते. महाराजांची अष्टकोनी मुद्रा ही राज्यकारभाराची मुद्रा आहे. ज्या कागदावर ती उमटे तो कागद राजाज्ञा ठरे. ती कोणाही खासगी माणसाच्या चिन्हाचा भाग होऊ शकत नाही. शिवाय १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या भारतीय कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र यांचा समावेश आहे. व्यापारी वापरावर तिथे बंधन आहे. सारनाथच्या सिंहशीर्षाचे राष्ट्रीय चिन्ह तर २००५ च्या स्वतंत्र कायद्याने संरक्षित आहे. आदर व्यक्त करायचा, तर तटबंदीची रेषा तो पुरेसा व्यक्त करते.

भगव्याचे मात्र काहीतरी करता येईल. नारिंगी-तपकिरी छटेसाठी ‘टेने’ असा शब्द परंपरेत आहे, पण ती क्वचित वापरली जाते आणि धातू-रंगाच्या नियमात ती नीट बसते असे मला वाटत नाही. त्याऐवजी जमीन लाल घ्यावी आणि चित्रकाराला तिच्यात केशराची झाक आणायला सांगावी. वर्णनात छटा बांधलेली नसल्यामुळे हे पूर्णपणे नियमात आहे. लाल आणि सोनेरी शेजारी आले, की डोळ्याला भगव्याचा भास आपोआप होतो.

लॅपटॉप वीस वर्षांनी कसा दिसेल हे आपणच जाणता. यंत्रे लवकर जुनी होतात. त्यामागची कल्पना टिकते. कॅनडाचे माजी गव्हर्नर जनरल डेव्हिड जॉन्स्टन यांच्या चिन्हात तळाशी लाटेसारखा पट्टा असून त्यावर शून्य आणि एक यांची रांग आहे. संगणकयुग दाखवण्याचा तो नेमका मार्ग होता, पण आता तो त्यांचा झाला. आपला व्यवसाय ढालीवर यायलाच हवा का, हेही विचारात घ्यावे. आपल्या मुली अभियंता होतीलच असे नाही, आणि ढाल तर त्यांचीही आहे.

राहिले देवक. आपण ते ओघात लिहिले, पण माझ्या मते आपल्या ढालीचे हृदय तिथेच आहे. लग्नकार्यात ज्याची स्थापना होते, जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि ज्याचा कुळाशी जिवंत संबंध आहे, ते चिन्ह युरोपीय ढालीच्या मूळ हेतूच्या फार जवळचे आहे. कळंब, उंबर, वड, शंख, मोरपीस ही आपली देवके पाहिली, की त्यांतली बहुतेक थेट ढालीवर ठेवण्याजोगी आहेत हे लक्षात येते. कळंबाचे पान मात्र घेऊ नये. ते आंब्याचे की पेरूचे, हे रेखाटनात कोणालाही कळणार नाही. त्याचे चेंडूसारखे गोल, बारीक केसरांनी भरलेले फूल घ्यावे; तसे दुसरे काही दिसत नाही.

यावरून मी सुचवलेले वाक्य असे : ‘लाल जमिनीवर कळंबाची तीन सोनेरी फुले, दोन वर आणि एक खाली, माथ्याचा पट्टा रुपेरी, त्याची खालची कड तटबंदीची.’ रंगावर धातू आहे, रेषा बोलकी आहे आणि टपाल तिकिटाएवढ्या आकारातही हे वाचता येते. एक काळजी मात्र घ्यावी लागेल. डेव्हनचे अर्ल असलेल्या कोर्टनी घराण्याच्या ढालीवर सोनेरी जमिनीवर तीन लाल वर्तुळे आहेत. आपले रंग त्याच्या उलट आहेत, तरी फुले नुसती वर्तुळे दिसली तर नोंदणीच्या वेळी हेराल्ड आक्षेप घेऊ शकेल. म्हणून प्रत्येक फुलाला आखूड देठ आणि दोन पाने असावीत असे वर्णनातच लिहावे. पत्नीच्या घराण्यातली एखादी खूण माथ्याच्या रुपेरी पट्ट्यावर ठेवता येईल; तिथे ती रंगातच हवी, सोनेरी नको. आजोळची कृष्णा हवी असेल, तर त्याच जागी निळी लहरी रेषा येऊ शकेल, पण दोन्ही एकदम नकोत. यातली निवड आपण दोघांनी करावी.

ढालीच्या वर शिरस्त्राण, त्यावर दोन रंगांची पिळलेली वळी आणि तिच्यावर तुरा म्हणजे क्रेस्ट येतो. पुष्कळ लोक संपूर्ण चिन्हालाच क्रेस्ट म्हणतात, ते चूक आहे. क्रेस्ट हा त्याचा फक्त वरचा भाग. कॅनडाला जागा द्यायची ती इथे. मेपलचे पान सुंदर आहे, पण तिथे स्थायिक झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला तेच सुचते, आणि जे सर्वांचे आहे त्याने एकाची ओळख पटत नाही. त्यापेक्षा लून हा पाणपक्षी घ्यावा. तो ऑन्टारिओचा प्रांतपक्षी आहे आणि १९८७ पासून कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे. त्याच्या चोचीत तीन पात्यांची दूर्वा दिली, की आपला गणपती आणि आपला प्रांत एकाच आकृतीत येतात. ढालीच्या दोन्ही बाजूंना उभे राहणारे प्राणी किंवा माणसे सर्वसाधारण व्यक्तीला मिळत नाहीत. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांना गार्टर हा ब्रिटनचा फार वरचा मान मिळाला म्हणून त्यांच्या ढालीशेजारी पेंग्विन आले. त्यांची खरी शोभा ढालीवरच्या तीन तिबेटी प्रार्थनाचक्रांत आहे. ज्या डोंगराने आपल्याला नाव दिले, तिथल्या माणसांची खूण त्यांनी कायमची आपल्या नावाशी जोडून घेतली.

ब्रीद मराठीत ठेवण्यास कॅनडात अडचण नाही. ते तीन-चार शब्दांपेक्षा मोठे नसावे. देवनागरीसाठी मात्र चित्रकाराला आधीच सांगावे लागते. ब्रीदाची फीत लॅटिन अक्षरांच्या मापाने काढली, तर वेलांट्या आणि उकार तिच्या कडांना भिडतात. आणि फीत जोरात वळवली, तर शिरोरेखा वळणावर तुटते. फीत रुंद आणि वळण सौम्य ठेवावे, आणि प्रत्येक शब्द फितीच्या एकेका सपाट भागात बसवावा. अक्षरे देवनागरी जाणणाऱ्या सुलेखनकाराकडूनच लिहून घ्यावीत. संगणकातला टंक वाकवून बसवलेली मराठी लगेच ओळखू येते.

आता कार्यपद्धती. भारतात कुलचिन्हे देणारी किंवा नोंदवणारी सरकारी संस्था नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी संस्थानिकांच्या ध्वजांवर बंगालच्या सनदी सेवेतील रॉबर्ट टेलर याने चिन्हे आखली होती. पण तो राजेरजवाड्यांपुरता एका प्रसंगाचा उपक्रम होता. इंग्लंडमध्ये १४८४ साली स्थापन झालेले कॉलेज ऑफ आर्म्स आणि स्कॉटलंडमध्ये लॉर्ड लायन यांचे न्यायालय हे काम पाहते. आपण कॅनडाचे नागरिक असल्यामुळे आपला मार्ग १९८८ साली स्थापन झालेल्या, गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीतील कॅनेडियन हेराल्डिक ऑथॉरिटीकडे जातो. तिथल्या मुख्य हेराल्डांना विनंतिपत्र लिहायचे असते आणि सोबत स्वतःचा परिचय आणि समाजासाठी केलेल्या कामाची माहिती द्यायची असते, कारण हा मान म्हणून दिला जातो. विनंती मान्य झाली, की एक हेराल्ड आपल्याशी चर्चा करून वर्णन ठरवतो, मग कच्चे रेखाटन, मग अंतिम चित्र आणि सनद, आणि शेवटी सार्वजनिक नोंदवहीत नोंद. शुल्क आणि चित्रकाराचे मानधन आपल्याला द्यावे लागते, आणि एका वर्षाहून अधिक काळ लागेल असे धरून चालावे. तयार चित्र घेऊन जाऊ नये. एक वाक्य आणि त्यामागची कारणे घेऊन जावे. हेराल्डला बदल सुचवायला जागा हवी असते, आणि त्यांचे बदल बहुधा रचना अधिक साधी करणारे असतात.

मुलींसाठीचे दोन तारे मी ढालीतून काढले, त्याचे कारण आता सांगता येईल. वडिलांच्या ढालीवर तारा होऊन बसण्याची त्यांना गरज नाही, कारण ती ढाल त्यांची स्वतःची होणार आहे. इंग्लंडमध्ये भाऊ असलेल्या मुलीला वडिलांचे चिन्ह पुढच्या पिढीकडे नेता येत नसे. कॅनडात मुली मुलग्यांइतक्याच हक्काने ते धारण करतात आणि पुढे नेतात. अपत्यांचे वेगळेपण दाखवण्यासाठी ढालीवर एक छोटी खूण वाढवण्याची जुनी पद्धत आहे. इंग्रजी परंपरेत त्या खुणा मुलग्यांसाठीच होत्या. कॅनडाने मुलींसाठी नवी मालिका ठरवली : पहिल्या मुलीला पत्त्यांतल्यासारखा बदाम, म्हणजे हृदयाचा आकार, दुसरीला अर्मिन या छोट्या प्राण्याच्या पांढऱ्या कातड्यावरचा काळा ठिपका, तिसरीला हिमकण, आणि अशीच पुढे. म्हणजे आपली थोरली लेक तीच तीन कळंबफुले आणि तीच तटबंदी एका छोट्या बदामासह वापरेल आणि धाकटी अर्मिनच्या ठिपक्यासह. विनंतिपत्र लिहितानाच या दोन आवृत्त्याही सनदेत रेखाटून मागाव्यात. नंतर स्वतंत्र अर्ज करण्यापेक्षा ते सोयीचे पडते.

पत्र पाठवण्याआधी एवढे करावे. वर दिलेले वाक्य आपल्या पसंतीने दुरुस्त करून घ्यावे. ते ज्याने कधी पाहिलेले नाही अशा दोघा-तिघांना ऐकवून कागदावर काढायला सांगावे, आणि सगळ्या कागदांवर एकच ढाल ओळखू येते का ते पाहावे. देवकाची खात्री घरातल्या वडीलधाऱ्यांकडून करून घ्यावी, आणि शक्य असेल तर लग्नाच्या जुन्या टिपणांतून. ती मिळाल्यावर फुलाचे जवळून घेतलेले छायाचित्र सोबत जोडावे; ओटावाच्या चित्रकाराने कळंब पाहिलेला असण्याची शक्यता कमी आहे.